तेंदूपत्त्याचा हिशोब शाळेत यावा

‘फ्रीलान्सर’ म्हटलं की आपल्याला लॅपटॉप आठवतो. पण भामरागडात मे महिन्यात पहाटेच जंगलात जाऊन तेंदूपत्ता तोडणारी आई तरी वेगळी कुठे? किती तोडायचं ते तिचं तीच ठरवते, हा आनंद. वळवाचा पाऊस आला की पानं खराब होतात, फळीवर पुडे दिले तरी पैसे कधी मिळतील याचा नेम नाही, हा त्रास. निबंधात मुलांना हे काम लिहू द्या. गणितात विचारा: 70 पानांचा एक पुडा, 1000 पुड्यांची एक गोणी, तर पानं किती? ज्या लेकराला हिशोब येतो, त्याच्या आईला फसवणं सोपं नसतं.