सोमवारचा खोकला

भवानी पेठेत राहणाऱ्याला शांततेची सवय नसते. यंत्रमागांची खडखड थांबली की इथला माणूस दचकून विचारतो, "वीज गेली काय?" आमच्या घरामागे टॉवेलचा छोटा कारखाना आहे. एप्रिलातल्या एका दुपारी मी तिथे सहज डोकावलो. बाहेर पारा चाळिशी ओलांडून गेलेला, आणि आत सगळ्या खिडक्या बंद. कोपऱ्यात भलामोठा कूलर घरघरत होता. कामगारांच्या केसांवर, भुवयांवर कापसाची पांढरी लव बसली होती.

"अण्णा, एखादी खिडकी तरी उघडा की," मी मालकांना म्हटले.

"उघडली की सूत तुटतंय साहेब. सुताला ओल लागते. कूलर त्याच्यासाठीच ठेवलाय."

कामगारासाठी नव्हे, सुतासाठी! अण्णा निर्दय नाहीत. त्यांचा स्वतःचा मुलगा शेजारच्या मागावर उभा होता. त्यांनी फक्त धंद्यातले सत्य सांगितले, आणि ते बरेच जुने आहे. विलिस कॅरियरने १९०२ साली आपली पहिली यंत्रणा आखली ती ब्रुकलिनच्या एका छापखान्यासाठी, कागद फुगू-आकसू नये म्हणून. 'एअर कंडिशनिंग' हा शब्द तर कापडगिरणीतच जन्मला. गिरण्यांत हवा ओलसर राखण्याचे काम करणाऱ्या स्टुअर्ट क्रेमर या अमेरिकन अभियंत्याने तो १९०६ साली वापरात आणला. कागदाची आणि सुताची सोय झाल्यावर मग माणसाचा नंबर लागला.

हसायला मला तोंड नाही. आमच्या बँकेच्या शाखेत पहिला एसी आला तो संगणकासाठी. त्या काचेच्या खोलीत चपला बाहेर काढून जायचे, देवघरात जावे तसे. पुढे सगळा हॉल थंड झाला आणि खिडक्या कायमच्या बंद झाल्या. आमचे एक रोखपाल एसीच्या बरोबर खाली बसत. त्यांना खोकला लागला. औषधे झाली, छातीचा फोटो झाला, काही निघेना. एकदा ते म्हणाले, "साहेब, रविवारी मला अगदी बरं वाटतं बघा. सोमवारी दुपारपर्यंत पुन्हा सुरू." आम्ही सगळे हसलो. सोमवारी कोणाला बरे वाटते!

दिवाळीच्या साफसफाईत एका पोराने एसीचे झाकण काढले. जाळीवर गोधडीसारखा धुळीचा थर, खालच्या तबकात साचलेले पाणी, त्यावर काळपट बुळबुळीत साय. हॉलभर कुबट वास पसरला. मी फाइल काढली. दर तिमाहीला 'सर्व्हिसिंग केले' असे बिल होते, आणि प्रत्येक बिलावर 'काम समाधानकारक' या शब्दांखाली माझी सही होती. तिजोरीतली नोट न् नोट मोजून घेणाऱ्या मी ते झाकण एकदाही उघडून पाहिले नव्हते. रोखपालांची जागा बदलली, खिडकी उघडली, खोकला ओसरला. तो नेमका त्या सायीमुळेच होता, असे मी सिद्ध करू शकणार नाही. पण ती सही अजून मला टोचते.

सोमवारचे हे कोडे डॉक्टरांना नवे नाही. कापसाच्या धुळीने होणाऱ्या बिसिनोसिस या फुप्फुसाच्या विकारात सुटीनंतर कामावर आल्याच्या पहिल्याच दिवशी छाती आवळते. हवा ओलसर करणाऱ्या यंत्रातले पाणी दूषित असेल तर असाच सोमवारचा ताप येतो. म्हणून सुटीत बरा आणि कामावर आजारी असा माणूस दिसला, तर त्याला कामचुकार म्हणण्याआधी त्याच्या डोक्यावरची हवा तपासावी.

दुर्लक्षाची किंमत मोठी असू शकते. १९७६च्या जुलैत फिलाडेल्फियातल्या एका हॉटेलात माजी सैनिकांचे अधिवेशन भरले. त्यानंतर न्यूमोनियासारख्या आजाराने तीसच्या आसपास माणसे गेली. पुढच्या वर्षी जंतू सापडला आणि नंतर त्याला लेजिओनेला हे नाव मिळाले. मोठ्या वातानुकूलन यंत्रणांचे कूलिंग टॉवर असतात, त्यांतल्या कोमट पाण्यात तो वाढतो आणि तुषारांबरोबर श्वासात जातो.

आपल्याकडे हे शहाणपण कागदावर जुनेच आहे. कृत्रिम ओलाव्यासाठी पिण्याच्या दर्जाचे किंवा नीट शुद्ध केलेले पाणीच वापरावे, असे १९४८च्या कारखाने कायद्याने पंधराव्या कलमात बजावले होते. त्याची जागा घेणाऱ्या २०२०च्या संहितेतही हवा, धूळ, ओलावा यांचा उल्लेख आहे. पण दहापेक्षा कमी माणसांच्या कारखान्यापर्यंत असा कायदा सहसा पोचत नाही, आणि पेठेतले कितीतरी माग तेवढ्याच माणसांवर चालतात. त्यात चार-चार दिवसांआड नळाची वाट पाहणाऱ्या आमच्या गावात कूलरचे पाणी बदलणे ही चैनच वाटते.

तरीही तपासणीला कुणा साहेबाची वाट पाहायला नको. बाहेरची ताजी हवा आत येते कुठून, हे आधी विचारावे. भिंतीवरचा साधा एसी खोलीतली तीच हवा फिरवत राहतो. करोनाच्या काळात, २०२१ साली, जागतिक आरोग्य संघटनेने कार्यालयांसारख्या जागांत माणशी दर सेकंदाला १० लिटर ताजी हवा असावी, असे सुचवले होते. मग जाळी काढून पाहावी, तबकात पाणी साचते का ते पाहावे, कूलरची टाकी आठवड्यातून एकदा रिकामी करून घासून कोरडी करावी, डासही टळतात. माग थांबलेले असताना खिडक्या उघडाव्यात. आणि वहीत नुसते बिल न चिकटवता, झाकण कोणत्या तारखेला उघडले आणि आत काय दिसले, ते लिहावे.

अण्णांना मी एवढेच म्हटले, "सुताला जपता, बरोबरच आहे. पण सूत तुटलं तर गाठ मारता येते."

ते काही बोलले नाहीत. परवा पहाटे मात्र गल्लीत पाणी वाहताना दिसले. अण्णांचा मुलगा कूलरची टाकी घासत बसला होता. आज रविवार आहे. उद्या कामावर गेलात, की मान वर करून एकदा त्या जाळीकडे बघा.