वाडा कोलम? कोणत्या गावचा?

बोईसरला गेल्या आठवड्यात एक भलंमोठं वातानुकूलित किराणा दुकान उघडलं. झेंडूच्या माळा, काचेची सरकती दारं, दारात पेढा, आणि आत ट्रॉली वळवायलाही जागा नाही इतकी माणसं. त्या गर्दीत मीही होतो. दुकान आलं याचा मला आनंदच आहे. विरार-डहाणू लोकल 2013च्या एप्रिलमध्ये सुरू झाली. त्याच्याही आधीपासून इथली माणसं जरा बरं काही हवं असलं की बोरिवली गाठत आली आहेत. तारापूरचं अणुवीज केंद्र 1969 मध्ये सुरू झालं, मग एमआयडीसी उभी राहिली, देशभरातली कुटुंबं इथं वसली. बंगाली बाईला मोहरीचं तेल आणि मल्याळी घराला उकडा तांदूळ बोईसरमध्येच मिळत असेल, तर चांगलंच आहे. ऑलिव्ह तेल घेणाऱ्याला नावं ठेवणंही मला पटत नाही.

मी अडलो तांदळापाशी. पाच किलोची देखणी पिशवी, वर ठसठशीत अक्षरांत 'वाडा कोलम', भाव साध्या कोलमपेक्षा चांगलाच चढा. पिशवी उलटून पाहिली. पॅकिंग करणाऱ्याचा पत्ता परजिल्ह्यातला. गावाचं नाव नाही, शेतकरी गटाचं नाही, भौगोलिक मानांकनाचं चिन्हही नाही. माल लावणाऱ्या मुलाला विचारलं, तर तो म्हणाला, "काका, कोलम सगळा सारखाच." त्या पोराला काय बोलणार? त्याला कुणी सांगितलंच नाही.

सगळा सारखा नसतो. वाड्याचा हा तांदूळ, ज्याला आपल्याकडे झिनी म्हणतात, दाण्याने बारीक आणि शिजला की मऊ, तरी मोकळा. पण त्याचा उतारा कमी. संकरित वाण लावला तर त्याच शेतात जास्त पोती निघतात. तरीही जो शेतकरी झिनी लावतो, तो नावाला मिळणाऱ्या भावाच्या भरवशावर. या तांदळाला 2021 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं ते त्यासाठीच. भलताच तांदूळ 'वाडा कोलम' म्हणून खपला, तर ग्राहक फसतो आणि शेतकऱ्याच्या हक्काचे वरचे पैसे तिसराच घेऊन जातो. मानांकनाचं नाव खोटं लावणं हा 1999च्या कायद्याने गुन्हा आहे. त्याला सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कैद सांगितली आहे. त्या पिशवीतला तांदूळ खोटा होता असं मी म्हणत नाही. तो खरा आहे हे पिशवीवरून कळायला मार्ग नव्हता, एवढंच म्हणतो. चढा भाव घेणाऱ्याने तेवढं दाखवलंच पाहिजे.

फळांच्या भागात न्यूझीलंडची किवी ओळीने मांडलेली. चिकू नव्हता. घोलवडच्या चिकूला 2016 मध्ये मानांकन मिळालं, बहाडोलीच्या जांभळाला 2023 मध्ये. तीन-तीन मानांकनं असलेल्या जिल्ह्यात हे दुकान उभं आहे. पावसाच्या तोंडावर आमच्या आदिवासी बाया स्टेशनबाहेर पानांच्या द्रोणांत जांभळं, करवंदं घेऊन उन्हात बसतात, पुढे शेवळं आणि करटोली आणतात. संध्याकाळ झाली की उरलेला माल मिळेल त्या पैशाला देऊन गाडी पकडतात, कारण नाशवंत माल ठेवणार कुठे? शीतगृह या दुकानाकडे आहे. बायांच्या गटांकडून रोज सकाळी माल घेणं, रोख पैसे देणं आणि पाटीवर गावाचं नाव लिहिणं, यात अशक्य काय आहे? मुंबईत नायगावच्या कामगारांनी 1948 मध्ये 'अपना बाजार' उभा केला, तेव्हा त्यांच्यापाशी ना भांडवल होतं ना वातानुकूलन. दुकान कुणासाठी, हे मात्र त्यांच्या मनात पक्कं होतं.

व्यवस्थापकांशी बोललो. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि सांगितलं, "खरेदी मुख्य कार्यालयातून होते, पण गिऱ्हाइकांनी मागणी केली तर वर कळवतो." मला हे उत्तर प्रामाणिक वाटलं.

तेव्हा पालघर-बोईसरच्या वाचकांनो, मागणी करा. खुशाल जा, हवं ते घ्या. पण वाडा कोलमची पिशवी हातात आली की आधी ती उलटा, मानांकनाचं चिन्ह शोधा, नसेल तर काउंटरवर विचारा आणि तक्रारवहीत दोन ओळी लिहून या.