हेलिकॉप्टरच्या दांड्यामागचे तेल

पास्कलचा नियम शिकवताना आम्ही शिक्षक मंडळी जेसीबीचे उदाहरण देऊन मोकळे होतो. हेलिकॉप्टरचे उदाहरण त्याहून बोलके आहे, कारण तिथे या नियमावर माणसांचे जीव टांगलेले असतात.

हेलिकॉप्टरची पाती नुसती फिरत नाहीत. फिरता फिरता प्रत्येक पात्याचा कोन बदलत असतो, आणि तो बदल पायलट हातातल्या दांड्याने घडवतो. पात्यांवरचा हवेचा जोर उलट त्या दांड्यापर्यंत येतो. रॉबिन्सन आर-२२ सारख्या दोन आसनी हेलिकॉप्टरमध्ये हा जोर हाताने पेलतो, म्हणून त्यात हायड्रॉलिक्स नाहीच. मोठ्या यंत्रात पंपाने दाबलेले तेल पायलटच्या हाताला बळ देते, अगदी पॉवर स्टेअरिंगसारखे. इंजिन बंद असताना स्टेअरिंग फिरवून पाहिलेल्यांना फरक सांगायला नको.

ही मदत इतकी गुपचूप चालते की ती आहे हे हाताला कळतही नाही. म्हणून प्रशिक्षणात शिक्षक हवेत असतानाच ती मुद्दाम बंद करतो. फ्रेंच बनावटीचे एएस-३५० हेलिकॉप्टर आपल्या हिमालयातही उडते. त्यात दाब गेला तर छोट्या साठवण टाक्यांतला उरलेला दाब थोडा वेळच पुरतो. तेवढ्यात वेग ४० ते ६० नॉटवर, म्हणजे ताशी सुमारे ७५ ते ११० किलोमीटरवर आणायचा. मग जड दांडा सांभाळत, थोडा पुढचा वेग ठेवूनच जमिनीला टेकायचे. हवेत एका जागी थांबायचे नाही, कारण कमी वेगात दांड्यावरच्या जोराची दिशा भराभर बदलते.

याच हेलिकॉप्टरचा आणखी एक स्वभाव आहे. जास्त वेगात, जास्त वजन घेऊन झटक्यात वळण घेतले, तर हवेचा जोर तेलाच्या ताकदीला भारी पडतो आणि दांडा आपसूक उजवीकडे व मागे सरकू लागतो. नवख्याला वाटते, यंत्र बिघडले. बिघडलेले काही नसते. झुंजायचे नाही, भार कमी होऊ द्यायचा. घाबरलेल्या हाताला हे शिकवणे सोपे नाही.

३ जुलै २०१५ रोजी अमेरिकेत कोलोरॅडोतील फ्रिस्को येथे रुग्णसेवेचे एएस-३५० बी-३ई उडाले. यात दोन हायड्रॉलिक यंत्रणा होत्या. तरीही जमीन सोडताच ते डावीकडे गिरक्या घेऊ लागले आणि वाहनतळावर कोसळून पेटले. अनुभवी पायलट दगावला, दोन परिचारक गंभीर जखमी झाले. उड्डाणापूर्वीच्या तपासणीत शेपटीच्या पंख्याच्या तेलाचा दाब काढला जातो. तो पुन्हा सुरू झालाच नव्हता, त्यामुळे पायाखालची पेडल जाम झाली होती.

पायलटचा निष्काळजीपणा म्हणून फाईल बंद करता आली असती. अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा मंडळाने तसे केले नाही, हे आम्हाला महत्त्वाचे वाटते. दाब काढून टाकणारी तपासणीची पद्धत आणि दाब परत आलेला नाही हे ठळकपणे न सांगणारी रचना, ही दोन मुख्य कारणे मंडळाने नोंदवली. पायलटकडून राहिलेली गोष्टही लिहिली: जमिनीपासून जरा वर थांबून पेडल नीट चालतात की नाही, हे पाहिले गेले नव्हते.