नव्या मोटारसायकलचे पहिले हजार किलोमीटर

इंदुरात नवी मोटारसायकल घेतली, की ती प्रथम खजराण्याच्या गणपतीसमोर नेण्याची प्रथा आहे. हार, नारळ, स्वस्तिक, चाकाखाली लिंबू, सारे यथासांग पार पडते. या श्रद्धेविषयी आम्हांस आदरच आहे. परंतु दुसऱ्याच दिवशी त्या गाडीवर तिघे बसून, भेरूघाट ओलांडीत, भरधाव ओंकारेश्वरास निघतात. तेव्हा गाडीसाठी मागितलेले दीर्घायुष्य आपणच उणे करीत आहोत, याचे भान कोणास राहत नाही.

नवे इंजिन बाहेरून चकचकीत दिसले, तरी आतून त्याचे भाग अद्याप परस्परांशी जुळलेले नसतात. सिलिंडरच्या भिंतीवर मुद्दाम सूक्ष्म रेघा राखलेल्या असतात; पिस्टनच्या रिंगा त्यांवर घासून हळूहळू बसतात. या घर्षणाने धातूचे बारीक कण झडून तेलात मिसळतात. म्हणून पहिले 500 ते 1000 किलोमीटर गाडी पूर्ण वेगाने पळवू नये, तासन्‌तास एकाच गतीने चालवू नये, चढावर वरच्या गिअरमध्ये रेटू नये. पुस्तिकेत सांगितलेल्या मुदतीत पहिली सर्व्हिस करून ते तेल बदलावे. त्याच वेळी सैल झालेली चेन, नटबोल्ट आणि ब्रेकही तपासले जातात. या सर्व्हिसची मजुरी बहुधा माफ असते. तेलाचे पैसे वाचविण्यासाठी ती टाळणे, ही काटकसर नव्हे.

‘आजची यंत्रे सुबक असतात, हे पथ्य जुने झाले’, असे काहीजण म्हणतात. यंत्रे सुधारली, हे खरे. आपल्या शेजारी पीथमपूर येथे वाहनांच्या वेगाची परीक्षा घेण्यासाठी 11.3 किलोमीटर लांबीची धावपट्टी 2021 साली सुरू झाली. परंतु ज्यांनी अशा परीक्षा घेऊन गाडी बनविली, तेच निर्माते पुस्तिकेत आरंभीच्या संयमाचा नियम छापतात. त्यांच्याहून आपण अधिक जाणते आहोत काय?

अनेक घरांत ही गाडी हप्त्यांवर येते, आणि वडिलांची नोकरी तिच्यावरच चालते. विद्यार्थिमित्रांनो, 18 वर्षे पूर्ण झाल्यावाचून गिअरची मोटारसायकल चालविण्याचा परवाना मिळत नाही. पुस्तिका वाचण्यास मात्र परवाना लागत नाही. ती वाचा, पहिल्या सर्व्हिसचा आकडा भिंतीवरील कालनिर्णयावर लिहून ठेवा आणि वडीलधाऱ्यांना वेळेवर आठवण द्या. पूजेचे नारळ फोडण्याइतकेच हेही घराचे कर्तव्य आहे, असे आमचे मत आहे.