चरीच्या संपातल्या बाया

चरीच्या संपाचा विषय निघाला, की कुळांची खरी बाजू कोणी घेतली, काँग्रेसने की बाबासाहेबांच्या स्वतंत्र मजूर पक्षाने, हा वाद आमच्या अलिबागेत अजून रंगतो. स्वातंत्र्य दोघांनाही हवं होतं. पण १९३७ साली बाबासाहेबांनी खोती नष्ट करण्याचं विधेयक मांडलं, तेव्हा मुंबई प्रांतात सत्तेवर असलेल्या काँग्रेसने ते पुढे सरकू दिलं नाही. हे चुकलंच.

मला मात्र वेगळंच सतावतं. १९३३ ते १९३९ खोतांची शेतं कसायची नाहीत, असं ठरलं. पुढारी नारायण नागू पाटील सगळ्यांना ठाऊक. त्या सहा वर्षांत चुली पेटत्या ठेवणाऱ्या बायांची नावं कोण सांगेल? कामानिमित्त जुने सातबारा उतारे हाती येतात. बापाचं नाव, मग मुलाचं. सुनेचंही लावा म्हटलं, की एरवी भांडणारे सगळ्या पक्षांचे कार्यकर्ते एकदम गप्प.