सीमोल्लंघन आणि परतीची वाट

विजयादशमी हा सीमोल्लंघनाचा दिवस. परंतु शीव ओलांडणे हा या सणाचा अर्धाच विधी होय. शमीचे पूजन करून, आपट्याची पाने घेऊन परत यावयाचे, ती घरच्या देवापुढे ठेवावयाची आणि मग वडीलधाऱ्यांच्या हाती देऊन त्यांच्या पाया पडावयाचे, हा उरलेला अर्धा विधी आपण भक्तिभावाने करतो. त्याच्या अर्थाकडे मात्र आपले लक्ष क्वचितच जाते. यंदा तिकडे लक्ष वेधावेसे आम्हांस वाटते. कारण पंचगंगाकाठच्या, ऊसमळ्यांच्या कसबा बावड्यातूनही आता मुलेमुली शिक्षणासाठी समुद्रापार जातात, आणि त्यांतील काही परत येतात.

दसऱ्याच्या सोन्याची कथा मुळात एका विद्यार्थ्याचीच आहे. वरतंतू ऋषींचा शिष्य कौत्स चौदा विद्या शिकला. गुरूंना दक्षिणा नको होती. पण शिष्याने आग्रह सोडला नाही, तेव्हा त्यांनी चौदा कोटी सुवर्णमुद्रा मागितल्या. रघुराजासाठी कुबेराने सोन्याचा वर्षाव केला. कौत्साने गुरूंच्या देण्यापुरतेच सोने उचलले आणि उरलेले लोकांनी लुटले. विद्या मिळाली म्हणजे शिक्षण संपले असे नव्हे. ऋण फेडले म्हणजे ते पुरे झाले, हेच या कथेचे सार आहे.

कोल्हापूरला या सत्याची एक हृदयस्पर्शी आठवण आहे. आनंदीबाई जोशी १८८३ साली अमेरिकेस निघाल्या. हिंदू म्हणूनच जाईन आणि हिंदू म्हणूनच परतेन, असे त्यांनी जाण्यापूर्वी जाहीर सभेत सांगितले होते. ११ मार्च १८८६ रोजी फिलाडेल्फियाच्या स्त्री-वैद्यक महाविद्यालयाची पदवी त्यांनी मिळविली. कोल्हापूर संस्थानाने आपल्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयातील स्त्रीविभागावर त्यांची नेमणूक केली होती. परंतु क्षयाने खंगलेल्या आनंदीबाई परतल्या त्या अंथरुणास खिळण्यासाठीच. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात, वयाची बावीस वर्षे पूर्ण होण्यापूर्वीच, त्यांनी जगाचा निरोप घेतला. सोने शिवेपर्यंत आले. पण ते वाटावयाचे राहून गेले.

ती वाट पुढे कोल्हापूरनेच चालविली. बावड्याच्या लक्ष्मीविलास राजवाड्यात १८७४ साली जन्मलेले राजर्षी शाहू छत्रपती १९०२ साली राज्यारोहण समारंभासाठी इंग्लंडला गेले. ते तिकडे असतानाच २६ जुलै रोजी मागासवर्गीयांसाठी निम्म्या सरकारी जागा राखून ठेवणारा हुकूम करवीर गॅझेटात प्रसिद्ध झाला. देह परदेशी असला तरी चित्त प्रजेपाशीच होते. त्यांच्याच आश्रयाने डॉ. कृष्णाबाई केळवकर परदेशी उच्च वैद्यकीय शिक्षण घेऊन आल्या आणि आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात स्त्रीरुग्णांची सेवा करीत राहिल्या. आनंदीबाईंच्या हातून वाटावयाचे राहिलेले सोने अशा रीतीने कोल्हापूरच्या आयाबहिणींना मिळाले. तेच रुग्णालय आज छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय म्हणून दसरा चौकाजवळ उभे आहे.

त्या काळी समुद्र ओलांडणाऱ्यास प्रायश्चित्त सांगितले जाई, वाळीत टाकले जाई. आज तसे कोणी करीत नाही. पण परतलेल्या मुलास दारातच विचारले जाते, ‘तिकडे जमले नाही का?’ मग पगार विचारला जातो, कर्जाचा आकडा विचारला जातो. आमच्या मते हाही एक बहिष्कारच आहे, फक्त त्याला शास्त्राचा आधार लागत नाही. कर्जाच्या ओझ्यामुळे जो तिकडे राहिला त्याला आम्ही बोल लावीत नाही. पण जो आला तो हरून आला, असे का मानावे?

परक्या देशी मुलगा पुस्तकांपलीकडेही पुष्कळ शिकतो. स्वतःचे ताट स्वतः घासतो, आजारपणात एकटा पडून राहतो, रांगेत आपली पाळी येईपर्यंत थांबतो. आईने वर्षानुवर्षे निमूटपणे केलेल्या कष्टांचे मोल त्याला तेथे कळते. असा मुलगा घरी येऊन पंगतीनंतर उष्टी काढू लागला, तर त्याला हसू नये. ती त्याची खरी पदवी होय.

परतणाऱ्यांनाही दोन शब्द सांगावेसे वाटतात. बावड्याचे माप लंडनच्या गजाने घेऊ नका. गावाचे दोष दिसले तर ते अवश्य बोलून दाखवा. पण आपल्या माणसांना तोडून नव्हे, त्यांच्या बरोबरीने राबून. उंबरठा ठेंगणा वाटू लागला म्हणून वाकण्याचे सोडू नये. आपली वाढ किती झाली, हे आपण काय आणले यापेक्षा त्यातले काय वाटले यावरून ठरते.

यंदा सोने देताना ‘सोन्यासारखे राहा’ असे म्हणाल, तेव्हा परतलेल्या लेकरांची आठवण ठेवा. त्यांच्या हाती पान ठेवा आणि त्यांचे पानही आदराने घ्या. अंबाबाईच्या कृपेने दोघांचेही सीमोल्लंघन सफल होवो.