सिलोन कधी येणार?



गेल्या वर्षी आमच्या वस्तीतले अठरा उपासक-उपासिका श्रीलंकेच्या धम्मयात्रेला गेलो. सगळ्यांचे अर्ज भरण्याचे काम अर्थातच माझ्याकडे. ऑफिसातही तेच, विमानातही तेच! उतरलो, बसमध्ये बसलो. अर्धा तास झाला असेल, मागच्या सीटवरून मावशींनी विचारले, "दादा, सिलोन कधी येणार?"

"मावशी, हेच सिलोन."

"ही तर श्रीलंका म्हणालास! मी पैसे सिलोनचे भरलेत."

सगळी बस हसली. पण मावशींचे काय चुकले? त्यांच्या लहानपणी गाणी लागायची ती रेडिओ सिलोनवर. बाबासाहेब १९५० साली बौद्ध परिषदेला गेले ते सिलोनला, असे वडिलांनी सांगितलेले. १९५४ साली बाबासाहेब रंगूनला गेले, तेही आता मुलांना नकाशात सापडत नाही. ब्रह्मदेशाचा म्यानमार झाला आणि रंगूनचे यांगून.

शिकलेल्यांचीही हीच गत. गिनी, गिनी-बिसाऊ आणि इक्वेटोरियल गिनी आफ्रिकेत, तर पापुआ न्यू गिनी पार प्रशांत महासागरात. काँगो नावाचे देश दोन, त्यांच्या राजधान्या एकाच नदीच्या समोरासमोरच्या काठांवर. चाळीत एका नावाचे दोघे असले तर आपण एकाला 'खालच्या मजल्यावरचा' म्हणून मोकळे होतो, तिथे पोस्टमन काय करत असेल? स्वाझीलँडच्या राजाची तर तक्रार होती, की बाहेर गेलो की लोक आम्हाला स्वित्झर्लंड समजतात! २०१८ साली त्याने देशाचे नाव एस्वातिनी केले.

मावशींना मी समजावले, की इथली माणसे आपल्या बेटाला पूर्वीपासून लंकाच म्हणतात. सिलोन हे परक्यांनी पाडलेले नाव, पोर्तुगीजांच्या तोंडून इंग्रजांच्या तोंडात आलेले. २२ मे १९७२ रोजी नवी घटना लागू झाली आणि देशाचे नाव श्रीलंका झाले.

"किती वर्षं लागली?"

"त्याच दिवशी झाले, मावशी."

"अख्ख्या देशाचं? एका दिवसात?"

मावशी नांदेडकडच्या. मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळात झाला १९७८ च्या जुलैत, आणि नाव लागले १४ जानेवारी १९९४ ला. ठरावानंतर जी घरे जळाली त्यात मावशींचेही एक. पोरगी कडेवर घेऊन त्या मुंबईला आल्या त्या कायमच्या. "आमच्या एका विद्यापीठाला सोळा वर्षं लागली रे," एवढेच त्या म्हणाल्या. मघाशी हसणारे सगळे गप्प. ती कडेवरची पोरगी आता पन्नाशीला आलेली, शेजारच्याच सीटवर होती. तिने पाण्याची बाटली आईपुढे धरली.

कोलंबोत शिरताना एका मोठ्या इमारतीकडे बोट दाखवून मावशींनी विचारले, "त्या पाटीवर काय लिहिलंय?"

मी वाचले आणि जीभ चावली. देशाचे नाव बदलले, पण या सरकारी बँकेचे इंग्रजी नाव तेच राहिले आहे!

"बँक ऑफ सिलोन," मी म्हणालो.

मावशींनी पिशवी उचलली, पदर सावरला आणि लेकीला म्हणाल्या, "चल ऊठ. आलं सिलोन."